निळ्या खडूची रेघ

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला मधेच तोंड वर करून विचारायला नको. हौसाला डाग द्यायचं ज्यांनी ठरवलं, त्यांत मी होते. आठ वर्षांची पोर ती. तिला घट्ट धरून बसायचं काम माझ्याकडं आलं होतं आणि मी नाही म्हणाले नव्हते. आता तोंडात दात राहिले नाहीत, तरी हे सांगताना जीभ अडखळते. पण सांगायचीय ती कुंडलिकची गोष्ट. तिच्या बापाची.

आमची चाळ गिरणीच्या मागच्या अंगाला. भोंगा झाला की फळीवरची भांडी थरथरायची. चाळीच्या तोंडाशी माझं दुकान. दुकान कसलं, एक फळी आणि सहा डबे. नवरा गिरणीत पहारेकरी होता, तो वारल्यावर मी मांडलं. चहाची पूड, रॉकेल, विड्या, गूळ आणि बाळगोळ्या. बाळगोळी म्हणजे अफूची गोळी, मोहरीएवढी. आईच्या दुधात उगाळून बोटानं चाटवली की पोर दुपारपर्यंत हालत नाही. गिरणीत जाणाऱ्या बाईनं तान्ह्याचं दुसरं काय करावं? सगळ्याच द्यायच्या, आणि मी विकायचे. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही येत नव्हतं. आज ज्यांना शहाणपण सुचतंय, त्यांनी त्या बायांच्या जागी चार दिवस उभं राहून बघावं.

गोऱ्या सरकारचा मार्शल लॉ शहरात येऊन गेल्याला तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हाचं हे. कुंडलिक माढ्याकडचा. उंच, सडपातळ, मागावर उभा राहून राहून एका खांद्यात वाकलेला. मागाच्या खडखडाटानं त्याचे कान गेल्यात जमा होते, म्हणून समोरच्याच्या ओठांकडं टक लावून बोलायचा. नवीन आलेल्या बाईला वाटायचं, मेला बघतोय कसा! पण माणूस सरळ. बायको बजाबाई रिळाच्या खात्यात. ती दिवसपाळीला, हा रातपाळीला. ती पहिल्या भोंग्याला घर सोडायची, हा दुसरा भोंगा झाल्यावर घरी यायचा. नवरा-बायकोची गाठ पडायची ती रविवारी. मी चेष्टा करायचे, "कुंडलिका, तुझं लगीन बायकोशी झालंय का भोंग्याशी?" तो हसायचा. हसला की पुढचा तुटका दात दिसायचा.

हौसाच्या पाठीवर सात वर्षांनी त्याला मुलगा झाला. नाव ठेवलं मानसिंग. नाव केवढं आणि पोर केवढं! रातपाळीहून आलेला बाप डोळे तांबडे असताना त्याला खांद्यावर घेऊन चाळीत मिरवायचा. पाळण्याची दोरी त्यानं स्वतः वळली होती, गिरणीतल्या तुटक्या सुताची. हौसाला तर दुसरं काम उरलं नव्हतं. पाळणा हालवायचा आणि कुणी विचारलं की सांगायचं, "आमचा मानसिंग झोपलाय, हळू बोला."

तो सहा महिन्यांचा मानसिंग भोगीच्या आदल्या दिवशी झोपेतच गेला.

त्या सकाळी मी हौसाला बघितलं होतं. आई कामावर गेली होती, बाप यायचा होता, आणि ही चिमुरडी उद्याचा सण म्हणून दाराची चौकट धूत होती. पाट ठेवून त्यावर उभी, हात पुरेल तिथपर्यंत राखेनं घासत होती. वर हळदीची बोटं ओढली. मी म्हटलं, "काय चकचकीत केलीस गं पोरी!" आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मग ती पाण्याला गेली आणि थोड्या वेळानं कुंडलिक आला. दुपारी त्याची हाक ऐकू आली. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, पुढंही कधी ऐकू नये.

"ताप डोक्यात गेला," कुंडलिक म्हणाला. माणसांनी माना डोलावल्या. पोरं जायचीच तेव्हा.

तेराव्यानंतर बजाबाई माढ्याला माहेरी निघून गेली. जायच्या आधी दोघांची भांडणं व्हायची, पण दार लावून, दबक्या आवाजात. एवढं मात्र कानावर आलं की ती "व्हती" म्हणायची आणि तो "न्हवती" म्हणायचा. काय होती आणि काय नव्हती, मला कळलं नाही. हौसाला आईनं बरोबर न्यायचं म्हटलं, तर पोरीनं चौकटीला मिठी मारली ती सोडेना. शेवटी बजाबाई एकटीच गेली. त्या दिवसापासून हौसाची वाचा बंद झाली. मारून बघितलं, लाडानं बघितलं, दवाखान्यात दाखवलं. तोंडातून शब्द नाही. बाप कामावरून येऊन भाकरी थापायचा, ती समोर बसून खायची, आणि दोघं एकमेकांकडं बघायची नाहीत. मी एकदा कालवण घेऊन गेले तर घरात इतकी शांतता की मला वाटी ठेवल्याच्या आवाजाचीही लाज वाटली.

महिनाभरानं रेघा सुरू झाल्या.

पहिली नागम्माच्या दारावर. उजव्या चौकटीवर, कमरेच्या उंचीला, निळ्या खडूची आडवी रेघ, वीतभर लांब. कुणी पोरांनी ओढली असेल म्हणून नागम्मानं पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग कासीम टांगेवाल्याच्या दारावर. मग माझ्या दारावर. माझी लेक तेव्हा बाळंतपणाला आली होती, नातू दोन महिन्यांचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चाळीत उभं राहून शिव्या घातल्या, ज्याची असेल त्यानं घ्याव्यात म्हणून. रात्री विचार केला तेव्हा ध्यानात आलं. नागम्माचं पोर चार महिन्यांचं. कासीमच्या बायकोचं, कमरबीचं, पाच महिन्यांचं. माझा नातू. ज्या घरात पाळणा, त्याच घरावर रेघ. बाकी एकाही दाराला खडू लागला नव्हता.

आठवड्यात नागम्माचं पोर आजारी पडलं. डोळे उघडेना, दूध ओढेना, हातपाय गार. दोन दिवसांनी सावरलं, पण चाळीच्या तोंडचं पाणी पळालं.

मी पाळत ठेवली. पहिला भोंगा झाला, बाया लगबगीनं निघाल्या, आणि हौसा घरातून बाहेर आली. अनवाणी. दारादारातून आत डोकावत होती. नागम्माच्या उंबऱ्यावरून आत गेली आणि झोपलेल्या पोराच्या नाकाशी हात धरून उभी राहिली. बाहेर येऊन तिनं मुठीतला खडू काढला, रेघ ओढली, आणि माझ्या दाराकडं वळली. मी समोर उभी होते तरी थांबली नाही. माझ्याकडं बघत बघत तिनं माझ्या चौकटीवर रेघ ओढली.

मी तिचा हात धरणार तेवढ्यात कुंडलिक आला. पाळीवरून आलेला, डोक्याला सुताचे कण चिकटलेले. त्यानं रेघ बघितली आणि खांद्यावरचं फडकं ओढून ती घसाघसा पुसायला लागला. रंग गेला तरी पुसत होता. मग नागम्माच्या दाराशी गेला, तिथलीही पुसली.

"पोरीचा खेळ हाय, मावशी," फडकं खांद्यावर टाकत तो म्हणाला.

"खेळ? कुंडलिका, घरं निवडून निवडून खेळते व्हय ती? आणि खडू कुठून आणला?"

"माझ्या खिशातनं घेती. कापडाच्या ताक्यावर खूण करायचा खडू हाय, गिरणीतला."

"मग लपवून ठेव की!"

"ठिवतो. पुन्ना काढती." तो माझ्या ओठांकडं बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, ती एक दिवस बोलंल. बगा तुमी. एक दिवस समद्यांम्होरं बोलंल."

मला वाटलं, बिचारा आशेनं म्हणतोय. मी म्हटलं, "बोलंल रे बाबा, बोलंल." तर तो असा बघायला लागला की जणू मी त्याला शाप दिला.

त्यानंतर रोज तेच. पोर रेघा ओढायची, बाप पुसत जायचा. तो झोपेनासा झाला. दिवसा घरात झोपायच्या वेळी भिंतीला टेकून लेकीवर नजर ठेवून बसायचा. गालफडं बसली. मागावर डुलकी लागून बोट फाटलं. पोरगी बापाला खाणार, असं बाया म्हणायला लागल्या. मीही म्हणाले.

मग नागम्माचं पोर दुसऱ्यांदा गार पडलं. शिवलिंगप्पा म्हणून जॉबर चाळीत राहायचा. त्याचा शब्द कुणी मोडत नसे, कारण कामावर घेणारा तोच आणि काढणाराही तोच. त्यानं माणसं जमवली. म्हणाला, पोरीत मेलेलं पोर शिरलंय, सोबतीला दुसरी पोरं मागतंय. अमावास्या रविवारी येत होती, गिरणी बंद. देवरुषाला बोलवायचं आणि ज्या हातानं ती रेघ ओढते त्या तळहाताला डाग द्यायचा.

कुंडलिकला विचारलं. आम्हाला वाटलं होतं तो भांडेल, कुऱ्हाड घेऊन उठेल. तो खाली बघत म्हणाला, "करा काय करायचं ते." बापच असं म्हणाल्यावर आमचं काय अडलं होतं?

रविवारी भर दुपारी चाळीच्या अंगणात शेगडी पेटली. देवरुषानं उलथनं निखाऱ्यात खुपसलं. डफ वाजायला लागला. मी हौसाला मांडीत धरून बसले. अंगात मांस म्हणून नव्हतं, आणि काळीज असं उडत होतं की माझ्या पोटाला धक्के बसत होते. पण रडत नव्हती. कुंडलिक आपल्या दाराशी उभा होता, पाठ चौकटीला लावून.

देवरुषानं विचारलं, "कोण हाईस तू? रेघा कशाला ओढतीस?" शब्द नाही. मिरचीचा धूर दिला. खोकून खोकून पोर निळी पडली, तरी शब्द नाही. मग तो बायांकडं वळला. "ह्येला भायेर काढताना तानी पोरं जागी नगत. समद्यांनी आपापली पोरं झोपवा."

बाया उठल्या. नागम्माची सासू चंद्रव्वा माझ्या दुकानाशी गेली. डबा कुठं असतो तिला ठाऊक होतं. मी मान हालवून घे म्हटलं. गोळी चिमटीत धरून ती घराकडं निघाली. आतून नागम्माच्या पोराचं कुरकुरणं ऐकू येत होतं. देवरुषानं उलथनं बाहेर काढलं. टोक तांबडं झालं होतं.

"हात धर, बाई."

मी हौसाचा हात उघडला. देवा, मी तो हात उघडला! मुठीत खडूचा तुकडा होता, घामानं भिजलेला. पण पोर त्या तापलेल्या लोखंडाकडं बघतच नव्हती. ती चंद्रव्वाकडं बघत होती. चंद्रव्वानं उंबऱ्यात पाय ठेवला आणि हौसानं माझ्या मनगटाला असा चावा घेतला की माझी पकड सुटली. ती धावली आणि नागम्माच्या चौकटीवर जाऊन आदळली. सकाळी ओढलेली रेघ तिथं अजून होती, त्या दिवशी कुंडलिकनं पुसली नव्हती. तिच्यावर दोन्ही हात आपटत पोर ओरडली. महिन्या दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"दिलीया! सकाळी नागूकाकूनं दिलीया! दुसरी दिऊ नगा, मरंल त्यो! रेघ हाय की, बगा की! रेघ हाय!"

डफ थांबला. नागम्मा तोंडावर हात ठेवून म्हणाली, "हो, मी सकाळी नदीला धुणं घेऊन जाताना दिली होती." चंद्रव्वाच्या चिमटीतली गोळी खाली पडली. तिला सुनेनं दिल्याचं माहीत नव्हतं. आधीच्या दोन्ही वेळांनाही माहीत नव्हतं. सून देऊन जायची आणि पोर हललं की सासू पुन्हा द्यायची.

मला कळायला वेळ लागला. कुंडलिकला लागला नाही. त्यानं लेकीचे ओठ हालताना बघितले होते. तो चालत आला, देवरुषाच्या हातातलं उलथनं घेऊन मातीत फेकलं, आणि सगळ्यांसमोर उभा राहिला. आवाज मोठा होता, कमी ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"ती रेघ आमच्या घरची हाय. ताका पुरा झाला की पुढच्या पाळीच्या मानसाला कळावं म्हनून आमी खडू ओढतो. तेच म्या घरी सुरू केलं. बजानं भोंग्याच्या येळंला गोळी दिली की चौकटीवर रेघ. रेघ दिसली तर म्या द्यायची न्हाय. मानसिंगला ताप न्हवता. त्येला दोन गोळ्या पडल्या. दुसरी म्या दिली. ह्या हातानं."

शिवलिंगप्पा पायाकडं बघत होता. एवढ्यात हौसा चौकटीला धरूनच म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "आबा, तुमी कशाला दिली आसती? म्या चौकट धुतली. रेघ म्या पुसली. सन व्हता म्हनून."

बाप वळला. त्याला ऐकू आलं नसणार, पण त्यानं ओठ वाचले. आणि त्याचा चेहरा, काय सांगू? त्या क्षणी त्याला समजलं की बजानं खरंच रेघ ओढली होती, ती खोटं बोलत नव्हती. आणि ही पोर इतके दिवस एकटी काय घेऊन बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"न्हाय," तो म्हणाला. "पुसली न्हवती. रेघ व्हती."

"म्या घासली, आबा. राखंनं."

"निळा खडू तेलकट आसतो, येड्ये. एका पान्यात जातोय व्हय त्यो? हळदीच्या बोटाखाली दिसत व्हती. म्या झोपंच्या गुंगीत व्हतो, बगितलंच न्हाय. तुजा काय बी संबंद न्हाय. रेघ व्हती."

पोर त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि रडायला लागली, आणि तिच्याबरोबर चाळीतल्या बाया रडायला लागल्या. मी रडले नाही. माझ्या मनगटातून रक्त येत होतं आणि मला एकच दिसत होतं, ती चौकट. मी त्या सकाळी तिथं उभी होते. तिच्यावर निळा कणसुद्धा उरला नव्हता. चकचकीत केलीस म्हणून मीच गूळ दिला होता.

पुढं एकदा माझ्या फळीवर बसून कुंडलिक बोलला. "मावशी, मला वाटायचं पोरगी माजं पाप दारोदार लिवतीया. तोंडानं बोलत न्हाय, पर समद्यांस्नी दाखिवतीया. डाग द्या म्हनलं तवा माज्या मनात काय आलं सांगू? भिऊन कायमची गप ऱ्हाईल, आसं आलं." मी पाठीवर हात ठेवला आणि चहा दिला.

त्या दिवसानंतर मी गोळ्या विकल्या नाहीत. पण चाळीत गोळ्या बंद झाल्या असं खोटं सांगणार नाही. भोंगा बंद झाला नव्हता. बाया शेजारच्या गल्लीतून आणायच्या. फक्त आता पाळणा असलेल्या प्रत्येक दारावर आई स्वतः रेघ ओढून जायची. खडू शिवलिंगप्पा आणून द्यायचा, मान खाली घालून.

कुंडलिक लगेचच्या रविवारी कुर्डुवाडीची गाडी धरून माढ्याला गेला आणि एकटाच परत आला. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. पाडव्याच्या चार दिवस आधी बजाबाई आली. गाठोडं घेऊन आली होती, पण आपल्या घरी न जाता आधी माझ्या फळीशी थांबली. हौसा माझ्याजवळ बसून शेंगा फोडत होती. आईला बघून उठली नाही, नुसती बघत राहिली.

बजाबाई म्हणाली, "सोनामावशी, तुमी त्या सकाळी आमच्या दाराशी व्हता म्हनं. ह्ये सांगत्यात, रेघ व्हती, पर त्येंनी बगितली न्हाय. पयल्यांदा सांगत व्हते, न्हवती. मला खरं काय त्ये पायजे. मंग मी ठरिवन, ह्या घरात पाय ठिवायचा का न्हाय."

खरं सांगितलं असतं तर नवरा अर्धा सुटला असता. चौकट कोरी होती, त्याचा दोष निम्मा झाला असता. उरलेला निम्मा कुणाच्या अंगावर पडला असता ते माझ्या शेजारी बसलं होतं. शेंगा फोडायचा आवाज थांबला होता. समोरून कुंडलिक येत होता, हातात पाण्याची कळशी. तो थांबला आणि माझ्या ओठांकडं बघायला लागला.

मी भांडखोर बाई आहे, पण तोवर खोटं बोलल्याचा आळ कुणी माझ्यावर आणला नव्हता.

"होती," मी म्हणाले. "निळी, वीतभर. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

बजाबाईनं डोळे मिटले. "मंग ह्या येळंला त्येंनी खरं सांगितलं. मी घरी जाती," ती म्हणाली. "त्येंच्याशी बोलंन का न्हाय, ठावं न्हाय. पर घरी जाती." तिनं गाठोडं उचललं. हौसानं ओच्यातली टरफलं झाडली आणि गाठोड्याची दुसरी बाजू धरली.